उपरण्याखालचा हात

बेल्हे,
ता. १५ नोव्हेंबर २००५

इस्माईल,

सप्रेम नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तुझा बडोद्याचा पत्ता जुन्नरला तुझ्या पुतणीकडून, शिफाकडून घेतला. तिनं विचारलं, "चाचा, भांडायला पाहिजे का पत्ता?" मी म्हटलं, लग्नपत्रिका धाडायची आहे. आमच्या घरात सध्या लग्नाचं कुणी नाही हे तिला ठाऊक असणार, तरी तिनं दिला.

नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही लिहिली नाहीस. तसंच चाललं असतं तर काही बिघडत नव्हतं. पण तुझ्या पोरानं, रिजवाननं, ते होऊ दिलं नाही.

शिनोलीच्या अलीकडे, भीमाशंकरच्या रस्त्याला, पुण्याच्या एका कारखानदार बाईंनी मोठी इमारत बांधली आहे. आजकालच्या चित्रकारांची चित्रं, पुतळे आणि ज्याला काय म्हणावं ते कळत नाही अशा वस्तू त्यांनी हौसेनं घेऊन तिथं मांडल्या आहेत. माल बाईंचा, पण शनिवार-रविवार कुणीही जावं आणि पाहावं, तिकीट नाही. माझा मेहुणा सावळाराम शिनोलीचाच. तो पोरांना घेऊन गेला होता. काल बाजारात आला तो बैल बघायचे सोडून थेट माझ्यापुढं उभा राहिला.

म्हणाला, "दाजी, तितं तुमचं नाव न्हाई लिवलं, पर त्ये तुमीच हाये."

मग त्यानं सांगितलं. भिंतीतून एक पितळी हात बाहेर आलेला आहे, त्याच्यावर पांढरं उपरणं टाकलेलं आहे. आलेल्या माणसानं उपरण्याखाली हात घालून तो हात धरायचा. शेजारी पाटी: 'बेल्हे, सोमवार. १९९६ साली माझ्या वडिलांनी उपरण्याखाली आपल्या भागीदाराला एक खूण दिली. भागीदार म्हणाला, दिली नाही. हा वडिलांचा हात आहे. धरून पाहा आणि तुम्हीच ठरवा.' खाली रिजवानचं नाव. आणि दोन काचेच्या बरण्या. एकीवर 'दिली', दुसरीवर 'नाही दिली'. ज्याला जे वाटेल त्या बरणीत त्यानं हरभऱ्याचा दाणा टाकायचा.

इस्माईल, हा न्याय झाला का? बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली बोटं धरून ठरवतात, एवढंही ज्यांना ठाऊक नाही ती माणसं गाडीतून उतरणार आणि आपल्या दोघांतला खोटा कोण ते ठरवणार. आणि खूण तरी कुणाची? भावाची बोटं सगळ्या बाजाराची आहेत. पण करंगळी आत वळवून दुसऱ्याच्या तळव्यात रुतवायची, म्हणजे 'सोड, जनावरात खोट आहे', ही खूण तुझी आणि माझी होती. माझ्या बायकोला, साळूलासुद्धा, मी ती सांगितली नव्हती.

तू विसरला असशील तर त्या सोमवारची आठवण करून देतो. सावळारामसाठी मी नगरकडच्या व्यापाऱ्याची खोंडाची जोडी धरली होती. तू जोडी चालवून बघून आलास आणि उपरण्याखाली माझा हात धरलास. त्या दिवशी हाताला हळद भरून चिंधी बांधून आला होतास. विचारलं तर म्हणालास, दाव्याला हिसका बसला, किरकोळ आहे. चिंधीतून का होईना, करंगळी कळतेच. तुझी तीन बोटं मला लागली, करंगळी लागली नाही. म्हणजे माल चोख. मी जोडी घेतली. आणि पहिल्याच नांगरटीला त्यातला डावा बैल जुवाखाली बसला तो उठेचना. सगळी शिनोली बांधावर उभी राहून हसली.

पुढच्या सोमवारी तू म्हणालास, मी खूण दिली होती. मी म्हणालो, दिली नाहीस. चहाच्या हॉटेलात सगळ्यांदेखत मी म्हणालो की त्या व्यापाऱ्याशी तुझं आतून ठरलेलं होतं. हे मी म्हणालो आणि आजही म्हणतो, कारण माझ्या हाताला जे लागलं नाही ते लागलं असं मी कसं म्हणू? तू कप तसाच ठेवून उठलास आणि महिन्याभरात जुन्नरचं घर सोडून पोराकडे बडोद्याला निघून गेलास. ज्याच्या मनात काही नसतं तो माणूस गाव सोडतो का?

रिजवानला पाटी काढायला सांग. तू सांगितलं नाहीस तर मी जाऊन काढीन.

सोपान

*

बेल्हे,
ता. २७ नोव्हेंबर २००५

इस्माईल,

तुझं उत्तर नाही. मूग गिळून बसायची तुझी जुनी सवय. बाजारात ती आपल्या कामी यायची, आता माझ्यावरच उलटली आहे.

काल मी शिनोलीला जाऊन आलो. साळूला म्हटलं, तू घरी थांब. ती माझ्याआधी पायात चपला घालून उभी. वाटेत घोडेगावला एसटी बदलली, तेवढ्या वेळात तिनं मला चारदा सांगितलं की तिथं भांडायचं नाही.

इमारत मंदिरासारखी गार आणि शांत आहे. आम्ही दोघांनी दारातच चपला काढल्या. तेजस्विनी म्हणून घोडेगावची एक मुलगी तिथं माहिती द्यायला असते. ती म्हणाली, "आजोबा, चपला राहू द्या की पायात." पण काढलेल्या चपला पुन्हा घालून आत जाणं साळूला पटेना. तिनं त्या पिशवीत घेतल्या आणि ती पिशवी काखेत मारूनच सगळं पाहिलं.

एक भिंतभर चित्र नुसतं निळं. तेजस्विनी म्हणाली, यात समुद्र आहे. मला तो दिसला नाही, पण धोतराला नीळ जास्त झाली की जी पंचाईत होते ती दिसली. एका खोलीत टीव्हीवर एक बंद दार दाखवत होते, नुसतं बंद दार. साळू तिथं बाकड्यावर बसली आणि उठेना. म्हणाली, "थांबा, कुणीतरी उघडंल." बराच वेळ ती बसून राहिली. शेवटी उठली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. हसायला गेलो होतो मी, पण तेवढं मला हसता आलं नाही.

शेवटच्या खोलीत तुझा हात होता.

उपरण्याचा पन्हा, काठ, सगळं बरोबर. रिजवान लहानपणी बाजारात आपल्या पायांत घोटाळायचा, तेव्हाच त्यानं डोळे भरून बघून ठेवलं असणार. पाटी मी स्वतः वाचली. मग बरण्या पाहिल्या. 'दिली'ची बरणी अर्ध्याच्या वर भरली आहे. 'नाही दिली'च्या तळाला जेमतेम दाणे. मी तेजस्विनीला विचारलं, "ज्यांनी बैलाच्या शेपटीला कदी हात लावला न्हाई, त्यांनी ठरवायचं व्हय?"

तिला मी कोण ते माहीत नव्हतं. ती हसून म्हणाली, "मग तुमी ठरवा ना आजोबा. पण आधी हात धरायला लागंल. न धरता दाणा टाकायचा न्हाई, असा नियम हाये."

तेवढ्यात साळूनं पिशवी खाली ठेवली आणि सरळ उपरण्याखाली हात घातला. डोळे मिटून उभी राहिली. मग हात काढून पदराला पुसला. म्हणाली, "इस्माईलभावजींचाच हाये. आंगठ्याच्या बुडाला शिंगाचा व्रण हाये." खुणेचं तिला काही कळणार नव्हतं. दाणा तिनं कुठल्याच बरणीत टाकला नाही.

मी हात घातला नाही.

परत येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "तुमी हात घातला न्हाई, त्येच उत्तर हाये." मी म्हटलं, मला पितळेची भीती वाटत नाही. ती म्हणाली, "पितळंची न्हाईच."

तुला हे मी का लिहितो आहे कुणास ठाऊक. दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही म्हणून. इस्माईल, तुझी करंगळी त्या पितळेत तळव्यात रुतलेली असेल, तर नऊ वर्षं मी एका प्रामाणिक माणसाला बाजारात चोर म्हणत हिंडलो. आणि नसेल, तर तू पोराकडून खोटा हात करून घेतलास आणि सगळ्या जगापुढं मांडलास. दोन्हींतलं एक तरी खरं असणारच. मला दोन्ही नको आहेत. म्हणून तर सांगतो, पाटी काढ.

सोपान

*

बेल्हे,
ता. ६ डिसेंबर २००५

इस्माईल,

हे पत्र घाईत. गोष्ट आता माझ्या हातात राहिलेली नाही.

काल बाजारात चिमाजीनं विषय काढला. चिमाजी तुला आठवत असेल, आपण होतो तेव्हा तो नवा दलाल होता, आता त्याचा शब्द चालतो. सावळारामानं सगळीकडे सांगितल्यामुळे हाताची गोष्ट बाजारभर झाली आहे. चिमाजी म्हणाला, "नाना, तुमी गप कसं? आज तुमचं नाव गेलं, उद्या आमच्या धंद्याचं जाईल. शनवारी आमी येतो. पार घेऊन येतो. तुमी फकस्त म्होरं व्हा."

पार म्हणजे लोखंडी पहार. मी म्हटलं, कुणाची तरी मालकीची वस्तू आहे, पोलीस येतील. तो म्हणाला, "मग सांगा की तुमी खोटं व्हता. आमी न्हाई येत." सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, खुंट्यावरची जनावरंसुद्धा बघत होती असं मला वाटलं. मी म्हणालो, या. दुसरं काय म्हणणार होतो?

आणखीही एक बोलला, त्याचं नाव लिहीत नाही. म्हणाला, त्यांच्यातल्या पोरानं आपल्यातल्या माणसाला खोटं पाडलं. हे ऐकलं आणि माझ्या अंगाची लाही झाली. मी त्याला म्हटलं, इस्माईल आणि मी एका ताटात भाकरी मोडलेली माणसं, आमचं भांडण आमच्या दोघांचं आहे, त्यात तुझं 'आपलं-त्यांचं' घालशील तर आधी तुझ्याशी गाठ आहे. पण शनिवारी तोही येणार आहे.

मी तुझा वैरी आहे, आहेच. पण तुझा हात पहारीनं मोडलेला मला बघवणार नाही. रिजवानला सांग, त्या बाईंना तार कर, फोन कर, शुक्रवारपर्यंत तो हात तिथून हलवायला लाव. साळू म्हणते, जन्नतभाभींना तरी वाचून दाखवा म्हणावं. दाखव.

एकदा तरी उत्तर दे रे.

सोपान

*

बेल्हे,
ता. १२ डिसेंबर २००५

प्रिय इस्माईल,

आज सोमवार आहे आणि मी बाजाराला गेलो नाही. साळूनं कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

शनिवारी आम्ही एका जीपमधून गेलो. मी पुढं, मागं चिमाजी आणि बाकीचे, त्यांच्या पायांशी गोणपाटात गुंडाळलेली पहार. दारात तेजस्विनी होती. एवढी माणसं आणि ते गोणपाट पाहून ती काय ते समजली आणि तिनं फोनवर घाईनं दोन शब्द बोलून घेतले. मग ती आमच्यापुढं चालत गेली आणि शेवटच्या खोलीत तुझ्या हाताशेजारी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, "काका, मॅडम पुण्याला हायेत. त्यांना फोन केलाय. तवर कुणी हात लावायचा न्हाई."

चिमाजी म्हणाला, "पोरी, बाजूला व्हय."

ती म्हणाली, "न्हाई."

पुण्याचं एक कुटुंब तिथं पाहायला आलेलं होतं. त्यांच्यातल्या बाईंनी मुलाला जवळ ओढलं. चिमाजीनं गोणपाट सोडलं आणि पहार फरशीवर टेकवली, तो आवाज सगळ्या इमारतीत घुमला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण पुढं मी व्हायचं ठरलं होतं.

मी पुढं झालो. मुलीला म्हटलं, "तुज्या नियमापरमानं करतो. आधी हात धरतो." चिमाजी मागून म्हणाला, "नाना, धरून काय करायचंय?" मी त्याला म्हटलं, मोडायच्या आधी बघू तर दे कुणाचा मोडतोय.

आणि इस्माईल, मी उपरण्याखाली हात घातला.

आधी गार लागलं. मग अंगठ्याच्या बुडाचा व्रण लागला, बेल्ह्याच्या त्या काळ्या खोंडानं शिंग मारलं होतं तो. मी आपल्या रीतीनं हात धरला, अंगठा तुझ्या मनगटाच्या हाडावर आणि तळवा तुझ्या बोटांखाली. शहरातल्या माणसांना असं धरता येणार नाही, ती हस्तांदोलन करतात. तीन बोटं माझ्या तळव्याला लागली, त्या सोमवारी लागली होती तशीच. करंगळी लागली नाही.

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला आनंद झाला. मी खरा होतो. वळून सांगणारच होतो.

पण हात काढता काढता माझं बोट तुझ्या करंगळीवरून गेलं. ती वळलेली होती. आत वळलेली, खुणेसाठी वळवतात तशी. पण मधल्या पेरावर अडली होती, तिथं हाडाला गाठ होती, आणि माझ्या तळव्यापासून जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या अंतरावर ती थांबली होती. मी तळवा वर दाबला, तेव्हा कुठं टेकली.

चिंधी. दाव्याला हिसका, किरकोळ आहे म्हणाला होतास. किरकोळ कसलं, बोट मोडलं होतं तुझं, गड्या. बैल जोरात पळाला की दाव्यात बोट अडकतं आणि मोडतं, हे मी जन्मभर पाहिलेलं आहे, तरी मला सुचलं नाही. सुजलेल्या बोटाला स्वतःचं काही कळत नसतं. तुला वाटलं, तू खूण दिलीस. तू दिलीच होतीस. तुझ्या मनगटातून ती निघाली आणि त्या मोडल्या पेराशी अडकली. माझ्यापर्यंत पोचली नाही. त्याच्यानंतर आपण एकमेकांचा हात कधी धरलाच नाही. धरला असता, तर त्याच आठवड्यात उलगडा झाला असता.

चिमाजीनं विचारलं, "काय म्हन्तोय हात?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "खूण दिलीया त्यानं. मला पोचली न्हाई."

"म्हंजी खोटं कोण?"

"कुनीच न्हाई. बोट मोडल्यालं व्हतं त्याचं. पार जीपमदी ठेव."

चिमाजी हलला नाही. म्हणाला, "नाना, तुमी आता काईबी म्हनाल." मी त्याला म्हटलं, "तू दलाल हाईस ना? मग घाल हात, आन् करंगळी बघ." त्यानं घातला. चिमाजी वाईट माणूस नाही, त्याचा हात धंद्यातला आहे. त्याला कळायला वेळ लागला नाही. हात काढून तो पहारीकडे बघत राहिला, मग ती उचलून, पुन्हा न टेकवता, खांद्यावर घेऊन बाहेर गेला. बाकीचे त्याच्यामागं गेले.

मी हरभऱ्याचा एक दाणा घेतला आणि 'दिली'च्या बरणीत टाकला. तेजस्विनी रडत होती, घाबरून असेल. तिला म्हटलं, "पोरी, पाटी काढू नको. फकस्त खाली लिव, भागीदार येऊन गेला."

तेव्हा तिला कळलं मी कोण ते. तिनं पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "आजोबा, रिजवानसरांना सांगते मी. त्यांना लई बरं वाटंल. त्यांच्या वडलांचा उजवा हात गेलाय ना. त्या हाताचा साचा घेतला आन् दोन-तीन महिन्यात लकवा मारला. आता लिवता येत न्हाई, बोलनं बी तुटक."

मी त्या टीव्हीच्या खोलीत जाऊन बसलो. बंद दारासमोर साळू बसली होती, त्याच बाकड्यावर.

मी तुला इकडून शिव्या घालत होतो, उत्तर देत नाहीस म्हणून. मूग गिळून बसलास म्हणालो. आणि तू तिकडे माझी पत्रं वाचत असशील आणि उत्तर द्यायला तुझ्याकडे हात नसेल. जो हात माझ्याशी बोलायचा, तो आता शिनोलीच्या भिंतीत आहे. तोच शनिवारी माझ्याशी बोलला.

तुला चोर म्हणालो ते हॉटेलात, सगळ्यांदेखत म्हणालो होतो. पुढच्या सोमवारी त्याच हॉटेलात, सगळ्यांदेखत, तो शब्द मी परत घेणार आहे. चिमाजीला सांगून ठेवलं आहे, माणसं जमव. पण ते तुला ऐकू येणार नाही, म्हणून त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि साळू निघतो. नारायणगावहून एसटीनं मुंबई, पुढं रेल्वेनं बडोदा. साळूनं जन्नतभाभींसाठी जुन्नरचा तांदूळ बांधून ठेवला आहे. मी काही आणत नाही, फक्त उपरणं आणतो. ते नवं नाही, जुनंच आहे, आपलं.

बोलता येत नसेल तर बोलू नकोस. आपण दोघं कधी तोंडानं बोलत होतो? डावा हात तयार ठेव.

तुझा,
सोपान